चेंडू आत गेला तर? बांधकामाच्या साइटबद्दल लहान मुलांना शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घराला लागूनच इमारतीचं काम सुरू झालंय. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. दोघांनाही तुम्ही रोज बजावता, "तिकडे जायचं नाही." मुलाला विचारलं तर तो खड्डा, खिळे, क्रेन असं सगळं घडाघडा सांगतो. तरी परवा संध्याकाळी तो कुंपणाच्या दोन पत्र्यांमधल्या फटीतून अर्धा आत शिरलेला सापडला, कारण चेंडू पलीकडे गेला होता. आता त्याला नीट कसं समजवायचं, थोडं घाबरवावं का आणि मुलीला या वयात यातलं किती कळेल, असं तुम्ही विचारलंय.

मी २३ वर्षं साइटवर सुरक्षेचं काम पाहिलं. त्यातली शेवटची काही वर्षं आजूबाजूच्या शाळा-बालवाड्यांमध्ये जाऊन मुलांशी याच विषयावर बोलत आलो. त्या अनुभवातून सांगतो की तुमच्या मुलाला समजलेलं आहे. तो विसरला नाही आणि उद्धटपणाही करत नव्हता. धोका ठाऊक असणं ही एक गोष्ट आणि चेंडू डोळ्यांसमोरून घरंगळत आत जात असताना पाय थांबणं ही दुसरी. पहिली सांगून येते. दुसरी सरावाशिवाय येत नाही, आणि आपण पालक, शिक्षक, साइटवाले सगळे पहिलीवरच थांबतो.

याचा चांगला पुरावा एका वेगळ्याच विषयातला आहे. अमेरिकेत रेमंड मिल्टनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४-५ वर्षांच्या मुलांना बंदूक सापडली तर काय करायचं ते शिकवून पाहिलं. हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं, एवढंच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांमध्ये असं दिसलं, की माहिती दिलेली मुलं नियम तोंडपाठ म्हणायची. ज्यांच्याकडून सराव करून घेतला ती खोटा प्रसंग उभा केल्यावर बरोबर वागूनही दाखवायची. पण कुणी पाहत नाही असं वाटताना निकामी केलेली बंदूक समोर आली, की दोन्ही गटांचं शिकणं फारसं कामी येईना. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. मूल चुकलं की त्याच क्षणी शिकवणारा तिथे आला आणि त्याच जागी, न रागावता, पुन्हा पुन्हा सराव करून घेतला, तेव्हा वागणं बदललं. हे वाचल्यावर मी शाळेत भाषण करणं जवळपास सोडून दिलं.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे, की धोक्यांची यादी तात्पुरती बाजूला ठेवा आणि एक कृती शिकवा. मी ती तीन शब्दांत सांगतो: "थांब, मागे ये, सांग." तिन्ही शब्द काय करायचं ते सांगतात, काय करायचं नाही ते नाही. "जायचं नाही" ऐकल्यावर चार वर्षांच्या मुलीपाशी करण्यासारखं काहीच उरत नाही. तिचं शरीर पुढे निघालेलं असतं आणि आपण त्याला नुसता नकार देतो. "मागे ये" म्हटलं की पायांना काम मिळतं.

आता कुठे थांबायचं ते. इथे बहुतेकांची एक चूक होते. मुलांना आपण कुंपण दाखवतो आणि त्याच्या आत जायचं नाही म्हणतो. पण पत्र्याचं कुंपण ही मुलाची रेघ असू नये. वाऱ्याने पत्रा उडतो, वरून विटेचा तुकडा बाहेर येऊन पडतो, आतून कुणी सामान टेकवलेलं असलं तर कुंपणच बाहेर झुकतं. शिवाय कुंपणाला जाऊन भिडलेल्या मुलाला फट दिसते, फटीतून आतलं दिसतं आणि पुढचं आपोआप होतं. म्हणून रेघ कुंपणाच्या अलीकडे, मोठ्या माणसाच्या निदान पाच पावलांवर घ्या. तिथे काही खूण असू द्या. एखादं झाड, दिव्याचा खांब, खडूने आखलेला पट्टा, काहीही चालेल. मुलांना घेऊन त्या खुणेपर्यंत चालत जा, तिला हात लावा, थांबा, दोन पावलं मागे या, घरी जाऊन कुणाला तरी सांगा. पहिल्या दिवशी हे पाच वेळा करा, मग आठवडाभर रोज एकदा. मुलीसाठी हा स्टॅच्यूचाच खेळ आहे, फक्त त्याची जागा ठरलेली आहे.

मग चेंडू आणा. हा भाग टाळू नका, तुमचा सगळा प्रश्न यातच आहे. सुरुवात साइटपासून लांब, मोकळ्या सुरक्षित जागेत करा. खडूची रेघ आखा, चेंडू मुद्दाम पलीकडे जाऊ द्या आणि मुलाला रेघेवर थांबून, मागे येऊन तुम्हाला सांगायला लावा. तो धावत पलीकडे जाईलच, पहिल्यांदा सगळेच जातात. रागावू नका. "चल, पुन्हा करू," म्हणा. जमायला लागलं की त्याच्या आवडीचं खेळणं घ्या, मग बरोबर एखादा मित्र घ्या, कारण मित्र "जा ना, आण ना" म्हणायला लागला की सगळं अवघड होतं. शेवटी खऱ्या कुंपणाजवळच्या खुणेपाशी करा. दुसरा मोठा माणूस मूल आणि कुंपण यांच्या मध्ये, पण नजरेआड, उभा असू द्या. ही खात्री नसेल तर हा शेवटचा प्रयोग करू नका. मुलाची परीक्षा खऱ्या धोक्यासमोर घ्यायची नसते.

आणि त्या चेंडूबद्दल मुलाला एक वचन द्या. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी फेरी मारताना पायाच्या खड्ड्यात एक मुलगा दिसला, साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचा. तो उतरला कसा ते आजही मला कळलेलं नाही. वर यायला मात्र जमत नव्हतं, कारण खड्ड्याच्या कडेची माती हात लावला की सुटत होती. त्याला वर काढलं, पाणी दिलं आणि विचारलं, का रे बाबा उतरलास? तो म्हणाला, चप्पल पडली होती, चपलेशिवाय घरी गेलो तर मार बसला असता. खड्डा धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याने दोन भीती तोलून पाहिल्या आणि ओळखीची भीती त्याला मोठी वाटली. त्या दिवसानंतर मी प्रत्येक पालकाला हेच सांगत आलोय. मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, की चेंडू, चप्पल, पतंग, दप्तर, काहीही साइटच्या आत गेलं तरी कुणी ओरडणार नाही, फक्त येऊन सांगायचं. आणि तो खरंच सांगत आला तर पहिली प्रतिक्रिया शाबासकीची असू द्या, तो चेंडू कालच आणलेला असला तरी. एकदा जरी "पुन्हा हरवलास का!" असं तोंडातून गेलं तरी पुढच्या वेळी तो सांगायला येणार नाही.

परवा फटीत सापडला तेव्हा त्याला रागावला असाल तर आज शांतपणे बसवून तो विषय पुन्हा काढा. "तू आत शिरलास म्हणून मी घाबरले होते. चेंडूचा राग नव्हता," एवढं वाक्य खूप काम करतं.

ही कृती अंगवळणी पडायला लागली की मग धोक्यांबद्दल बोलायचं. लहान मुलाला जे दिसतं तेच धोक्याचं वाटतं. रस्त्याबाबत पाच वर्षांच्या मुलांना विचारलं, तर वळणाआडची जागासुद्धा त्यांना सुरक्षित वाटते, कारण तिथून गाडी दिसत नाही. साइटवर हे फार महागात पडतं. तिथल्या मोठ्या धोक्यांपैकी कितीतरी शांत असतात, बसलेले असतात, खेळण्यासारखे दिसतात. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मुलांच्या अपघातांवर एक अहवाल काढला. जगात रोज २००० हून अधिक मुलं अपघातांत दगावतात आणि त्यातली निदान निम्मी वाचवता येतील, असं त्यात म्हटलं होतं. या अपघातांची पाच मोठी कारणं म्हणजे वाहनं, बुडणं, भाजणं, पडणं आणि विषबाधा. ही पाचही एका साध्या साइटवर एकाच वेळी हजर असतात. रंग पातळ करायचं थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं मी स्वतः कित्येकदा पाहिलंय.

यातल्या ज्या गोष्टी मुलांना सर्वात निरुपद्रवी वाटतात त्यांच्यावर जास्त वेळ द्या. वाळूचा ढीग हे पहिलं उदाहरण. खाली बसून त्यात बोगदा खणण्याइतकं सुख नाही. पण ढिगाचा वरचा थर दमटपणामुळे धरून राहतो आणि आत पोकळी होते, विशेषतः लोडरने पायथ्याची वाळू उचलून नेली असेल तर. मग तो कधी ढासळेल ते कुणीच सांगू शकत नाही. खणलेल्या खड्ड्याच्या भिंतींचंही तसंच. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. छातीपर्यंत जरी माणूस दबला तरी श्वास आत घ्यायला छाती फुलत नाही, तोंड मोकळं असलं तरीही. म्हणूनच मोठ्या, शिकलेल्या कामगारांनाही आधार न दिलेल्या खोल चरात उतरू देत नाहीत. अमेरिकेच्या नियमांत ही मर्यादा ५ फुटांची, म्हणजे साधारण दीड मीटरची आहे. त्या खोलीत पाच वर्षांचं मूल पूर्ण बुडून जातं, हे लक्षात घ्या.

मुलांना टन कळत नाही. त्यांना बादली कळते. १० लिटरच्या बादलीत ओली वाळू भरा आणि मुलाला उचलायला सांगा. ती १८-२० किलोच्या आसपास भरते, म्हणजे जवळपास पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी. तो ओढेल, लाल होईल, हलणार नाही. मग म्हणा, "ही एक बादली. त्या ढिगात अशा किती असतील?" नंतर परातीत वाळूचा छोटा डोंगर करा, त्यात पेन्सिलीने बोगदा पाडा, आत एक खेळण्यातला माणूस ठेवा आणि वर थोडी कोरडी वाळू सोडा. बोगदा बसतो तो क्षण मुलं गप्प होऊन बघतात. माझ्या पाहण्यात एवढा परिणाम दुसऱ्या कशाचाच झालेला नाही, आणि यात रक्ताचा एकही थेंब दाखवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. साइटवर पाणी सगळीकडे असतं. पावसाने भरलेले फुटिंगचे, म्हणजे पायाचे खड्डे, क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटवर मारायच्या पाण्यासाठी, भरलेले ड्रम, झाकण नसलेली जमिनीखालची टाकी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी. गढूळ पाण्याची खोली मोठ्यांनाही कळत नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, म्हणून ड्रममध्ये वाकून बघताना मूल डोक्यावर आत पडतं आणि परत वर येता येत नाही. काही सेंटीमीटर पाणीही त्याला पुरतं. बुडणारं मूल बहुतेक वेळा हाक मारत नाही, पाणीही उडवत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. मुलांना दाखवायला मातकट पाण्याचं घमेलं घ्या, त्यात एक खेळणं सोडा आणि विचारा, "कुठे आहे? किती खोल आहे?" मग काठी घालून दाखवा. त्यांनी स्वतः चुकीचा अंदाज केला की ते लक्षात राहतं. चार वर्षांच्या मुलीसाठी एवढंच वाक्य पुरे: "तळ दिसत नाही ते पाणी आपलं नाही."

मग यंत्रं. मुलांना जेसीबी, डंपर, मिक्सर यांचं प्रचंड वेड असतं आणि ते असू द्या. पण कित्येक खेळण्यांत, चित्रांत या यंत्रांना डोळे रंगवलेले असतात. मुलाला खरंच वाटतं, की डंपरला आपण दिसतो. चार-पाच वर्षांचं मूल वस्तूंना जिवंत मानतं, त्यामुळे बंद उभा असलेला जेसीबी त्याच्या लेखी झोपलेला असतो, धोक्याचा नसतो. त्याला सांगायचं, की यंत्राला डोळे नसतात, आतल्या माणसाला असतात, आणि तो माणूस इतका उंच बसतो की अगदी पुढ्यात किंवा मागे उभं असलेलं लहान मूल त्याला दिसतच नाही. शक्य असेल तर परवानगी घेऊन, बंद असलेल्या मोठ्या गाडीच्या चालकाच्या जागेवर मुलाला बसवा आणि तुम्ही स्वतः गाडीपुढे जाऊन खाली बसा. "मी दिसते का?" तो नाही म्हणेल. मी शाळेत बसगाडी वापरून हे करतो आणि एकामागून एक चाळीस मुलं "नाही!" म्हणून ओरडतात. त्यानंतर रिव्हर्सचा आवाज ऐकला की मागे सरायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही. साइटच्या फाटकासमोरून जाताना मात्र मुलाचा हात धरलेलाच असू द्या. तिथून गाड्या उलट्या बाहेर येतात आणि तो रस्ता मुलांचा रोजचा असतो.

मोठ्या मुलाला एक गोष्ट खास सांगा. साइटवर जमीन दिसते ती नेहमी जमीन नसते. स्लॅबमधल्या भोकांवर प्लायवूड टाकलेलं असतं, कधी न ठोकताच. वाळलेल्या दिसणाऱ्या काँक्रीटखाली सेंट्रिंग, म्हणजे त्याला तात्पुरता आधार देणारा सांगाडा, अजून उभं असतं. पाइप, विटा, सळ्या यांची थप्पी स्थिर वाटते, पण खालचा एक पाइप हलला की सगळे घरंगळतात. भिंतीला टेकवलेले दरवाजे आणि प्लायच्या शीटा मुलाच्या वजनाने सहज अंगावर येतात. परांचीच्या आडव्या पट्ट्या शिडीसारख्या दिसतात. चढणं त्याला जमेल, उतरणं जमणार नाही. सातव्या वर्षी हे तर्काने कळायला लागतं. चार वर्षांच्या मुलीला यातलं काही सांगू नका, तिला रेघ पुरे.

ओल्या सिमेंटचा धोका पालकांनाही नीट माहीत नसतो, म्हणून तुमच्यासाठी लिहितो. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्याचा पीएच १२-१३ पर्यंत जातो. त्यात हात उमटवायचा, नाव कोरायचं, हा मोह कुणालाही होतो. त्रास असा की ते लागल्याबरोबर झोंबत नाही. कातडी हळूहळू जळते आणि दुखायला लागेपर्यंत काही तास गेलेले असतात. म्हणून मुलाने सिमेंट लागल्याचं लपवलं तर नुकसान वाढतं. लागलं असेल तर कपडे-बूट काढून निदान २० मिनिटं भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात सिमेंट किंवा चुना गेला असेल तर धुणं थांबवू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. लपवण्याचा प्रश्न पुन्हा आलाच. "ओरडणार नाही" हे वचन इथेही लागू करा. खिळा पायात गेला तरी हेच. मुलाने सांगितलं तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विचार वेळेत होतो. तात्पुरत्या वायरींबद्दल एकच वाक्य पुरे: लोंबणाऱ्या, पाण्यात पडलेल्या वायरला हात नाही, आणि वायरला चिकटलेल्या माणसालाही नाही, मोठ्याला बोलवायचं.

आता घाबरवावं का, हा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे, आणि हे मायेपोटी म्हणत नाही. मी सुरुवातीला अपघातांचे फोटो दाखवायचो. घाबरट मुलं रात्री झोपायची नाहीत, आणि ती तशीही साइटकडे जाणार नव्हती. धीट मुलांना त्यात पराक्रम दिसायचा. एका शाळेत माझ्या भाषणानंतर मुलांनी पैज लावायचा खेळ सुरू केल्याचं बाईंनी मला सांगितलं. त्या दिवशी मी फोटो बंद केले.

त्याहून वाईट म्हणजे माणसांची भीती घालणं. "तिथला वॉचमन पकडून नेईल," "ते कामगार पोत्यात घालतात," असं कृपा करून कधीही म्हणू नका. हे फार सर्रास म्हटलं जातं. एक तर ज्या माणसांनी आपली घरं बांधली त्यांच्यावर हा अन्याय आहे. दुसरं, मूल चुकून आत गेलंच, पडलंच, तर त्याला वाचवणारं पहिलं माणूस वॉचमन किंवा गवंडीच असतो. त्याला घाबरणारं मूल हाक मारत नाही, लपतं, आणि लपायला ढिगामागे, खड्ड्यात, गाडीखाली जातं. म्हणून उलटं करा. दिवसा मुलांना घेऊन फाटकापाशी जा, वॉचमनची ओळख करून द्या. "हे इथे राखण करतात. तुझा चेंडू आत गेला तर यांना किंवा मला सांगायचं." बहुतेक वॉचमन आनंदाने हे करतात. एकाने तर मुलांचे चेंडू जमवून ठेवायला फाटकावर टोपली बांधली होती. त्या साइटवर दोन वर्षांत एकही मूल आत आलं नाही, आणि त्याचं श्रेय मी माझ्या भाषणापेक्षा त्या टोपलीला देतो.

कुतूहलाला वाट द्या. साइट बघायला नुसतीच बंदी असेल तर मूल स्वतः बघायची सोय करतं. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं खिडकीतून किंवा सुरक्षित जागेवरून एकत्र बघा. आज फुटिंग, मग कॉलम, मग स्लॅब. मुलाला चित्र काढू द्या, मजले मोजू द्या. फक्त खेळण्यातलं हेल्मेट दिलंत तर एक गोष्ट स्पष्ट करा. मला अनेक मुलांनी अगदी गंभीरपणे सांगितलंय, की हेल्मेट घातलं की आत जाता येतं. मुलांचं चुकत नाही, त्यांनी तसंच पाहिलेलं असतं. त्यांना सांगा, की आत जाणाऱ्या माणसांनी काम शिकलेलं असतं, त्यांची नावं फाटकावर लिहून घेतात आणि हेल्मेट हे त्यानंतरचं.

मुलीबद्दल स्पष्ट सांगतो. चार वर्षांच्या मुलीला तुम्ही रेघ शिकवा, ती शिकेल, खेळात उत्तम करून दाखवेल. पण त्याच्या भरवशावर तिला एकटं सोडू नका. पाच वर्षांखालच्या मुलासाठी शिकवण हा दुसरा आधार आहे, पहिला आधार मोठ्या माणसाची नजर. भावाला तिची राखण सांगू नका. सात वर्षांच्या मुलाला तो भार झेपत नाही, आणि काही झालं तर तो आयुष्यभर वाहतो.

आणि ती फट. मुलाला शिकवण्याआधी खरं तर हे व्हायला हवं. कुंपण नीट ठेवणं ही साइट चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे, तुमच्या मुलाच्या शहाणपणाची नव्हे. फटीचा फोटो काढा, साइट इंजिनीअरला भेटा, लेखी द्या, तारीख घाला. मागणी नेमकी असू द्या: फट बंद करा, कुंपणाचा खालचा भाग जमिनीला टेकवा, काम संपल्यावर फाटकाला कुलूप लावा, खड्डे आणि टाक्या झाका, शिड्या काढून ठेवा, यंत्रांच्या चाव्या काढून घ्या. कुंपणाला लागून बाहेरच्या बाजूने विटा रचल्या असतील तर त्या हलवायला सांगा, मुलांना त्याची पायरी होते. संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस सर्वात वाईट. दिवसा साइटवर गोंगाट असतो, पण पाहणारी चार माणसंही असतात. काम बंद झालं की मुलाची हाक ऐकायला कुणी नसतं. दोन दिवसांत फट बुजली नाही तर पुन्हा जा, शेजाऱ्यांना घेऊन जा. तुम्ही त्रास देत नाही आहात. मी साइटवर होतो तेव्हा अशा पत्रांमुळेच मला वरून कुंपणासाठी माणसं मिळायची.

काही मुलांना ही रेघ आखताच येत नाही, कारण त्यांचे आईवडील त्या साइटवरच काम करतात आणि झोपडी कुंपणाच्या आत असते. तुमची मुलं त्यांना आत खेळताना बघतील आणि विचारतील, "ती कशी जातात?" उत्तर खरं द्या: त्यांना सुरक्षित जागा मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. साइट इंजिनीअरला भेटाल तेव्हा या मुलांसाठी वेगळी, कुंपण घातलेली जागा आणि सांभाळायला माणूस आहे का, तेही विचारा. बाहेरच्या माणसाने विचारलं की त्याला वजन येतं.

दुसरं मूल आत गेलेलं दिसलं तर काय, हेही मुलाला शिकवा, कारण सात वर्षांचा मुलगा मित्राला वाचवायला नक्की धावतो. त्याला सांगा, की मागोमाग आत जायचं नाही, जोरात ओरडायचं आणि मोठ्या माणसाकडे पळायचं. हे चहाडी करणं नाही, हेही सांगा, नाहीतर मुलं मैत्रीसाठी गप्प बसतात. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. माती ढासळून कुणी दबलं असेल तर घाईने खड्ड्यात उडी मारू नका, कडा पुन्हा सुटते आणि दबलेल्याच्या अंगावर आणखी माती जाते. अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला फोन करा, आसपासची यंत्रं बंद करायला लावा, लोकांना कडेपासून लांब ठेवा. विजेचा धक्का असेल तर आधी मुख्य स्विच बंद करा, मगच हात लावा.

सराव पहिल्या आठवड्यानंतर पंधरा दिवसांनी एकदा घ्या, मग महिन्याने. साइटचं रूप बदललं की मात्र लगेच घ्या. पाया भरला की खड्डे जातात, पण लिफ्टचा डक्ट, म्हणजे लिफ्टसाठीची उभी पोकळी, तयार होतो. कुंपण उतरवल्यावर इमारत पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण आत जिन्याला कठडे नसतात आणि बाहेर झाकणाविना चेंबर असतात. तो शेवटचा टप्पा मला सर्वात जास्त काळजीचा वाटतो, कारण पत्रे निघाले की मुलांना वाटतं आता जायला हरकत नाही. त्या दिवशी खडू घेऊन पुन्हा बाहेर या आणि नवी रेघ आखा.